अकरावी मात्रा

सगुण मास्तर म्हणायचे, तू धावतेस.
मी म्हणायचे, छे, कुठे धावते?
मग ते मोबाइलवर माझंच मला ऐकवायचे:
सुरुवातीला साठ,
कायदा संपता संपता बहात्तर.
"ही बारा माणसं कुठून शिरली घरात?"
असं विचारून चंची उघडायचे
आणि मला उत्तर सुचेपर्यंत
सुपारी कातरत बसायचे.
अडकित्त्याचा आवाज एकसारखा.
उत्तर मला कधीच सुचलं नाही.

दोन महिने तबल्याला हात लावू दिला नाही.
दुर्भाटच्या खाजनाच्या बांधावर चालवलं,
घरापासून मानशीपर्यंत, मानशीपासून घरापर्यंत,
पावलाला एक मात्रा,
तोंडाने ठेका.
एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात.
पाय चिखलात रुतला तरी
धिं रुतता कामा नये.
आणि कुर्ली आडवी आली तर?
"येऊ दे. ती तिच्या लयीत आहे."

मानशीचं दार भरतीला आपलं आपण मिटतं,
ओहोटीला आपलं आपण उघडतं.
मास्तर तिथे उकिडवे बसत.
"बघ. ढकलायला कोण आहे?
पाण्याचं वजन पुरतं."
मी मान हलवली.
खरं सांगायचं तर काही कळलं नव्हतं,
डास मात्र फार होते.

मग ती जत्रेची रात्र.
वामनबुवांची बंदिश द्रुतात आली आणि
माझी बोटं सुटली,
दावं तुटलेल्या वासरासारखी.
लोकांनी टाळ्या दिल्या.
हो, दिल्या. खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत.
बुवांनी तान अर्ध्यात गुंडाळली,
माझ्याकडे वळून हसले,
चांगल्या घरातला माणूस
दुसऱ्याच्या हातून कप फुटल्यावर हसतो तसं.
ते हसू मी अजून विसळते आहे.

त्याच वर्षी मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला.
डॉक्टरांनी एक लांब नाव सांगितलं, गोळ्या दिल्या.
कप बशीवर वाजायचा,
किणकिण, किणकिण, कुठल्याच तालात नाही.
सुपारी आता मी कातरून देते.
मला वाटलं होतं, शिकवणं संपलं.
ते म्हणाले, "हात त्याच्या मर्जीचा झालाय.
लय हातात होती कधी?"
आणि मांडीवर टाळी धरली.
सम पडली. पाचवर टाळी पडली.
नववर तोच हात हवेत उलटा झाला,
बोटं पिंपळपानासारखी हलत होती,
पण झाला तो तिथेच.
पुढच्या आवर्तनातही तिथेच.
त्याच्या पुढच्याही.
मी मोबाइल काढून मोजायला हवं होतं.
मोजलं नाही.

काल रासईहून फेरीबोटीने येत होते,
दोन स्कूटर, एक मासळीवाली, बर्फाची पाटी, मी.
कठड्यावर बोट ठेवून ठेका मनात चालू होता,
मुद्दाम नव्हे, हल्ली असतोच.
भर नदीत एंजिन बंद पडलं.
जुवारीचं पाणी बोटीच्या पोटाला लागलेलं ऐकू आलं.
खलाशी खाली उतरला, कुणाला तरी शिवी दिली.
पूर्वी अशा शांततेत मी पळत सुटले असते,
रिकामी जागा दिसली की भरायची,
ही माझी जुनी खोड.
मासळीवालीने विचारलं, "कितें गो बाय, घाय आसा?"
मी म्हटलं, ना.
आणि म्हटल्यावर लक्षात आलं
की ते खरं होतं.

धा तिं तिं ता. 
किनारा जवळ येत नव्हता, लांबही जात नव्हता.
एक आवर्तन. आणखी एक. मग मोजणं राहिलं.

एंजिन लागलं तेव्हा
माझी अकरावी मात्रा होती.
ना सम, ना टाळी, ना खाली,
नुसतं मधलं एक तिं.
बोट हादरली, बर्फाची पाटी घसरली,
मी एका हाताने पाटी धरली
आणि बारावर आले.